दोनाचे चार बोल्ट

मी माझ्या सासऱ्यांना त्यांच्याच ओसरीवर आडवं पाडलं, तेव्हा माझ्या लग्नाला आठ महिने झाले होते. ढकललं नाही हो. तेवढी छाती माझी कधीच नव्हती. मी फक्त त्यांच्या लाकडी पायाला चार बोल्ट जास्तीचे मारले. पुढचं काम त्या बोल्टांनी केलं.

वय सतरा, शिक्षण सातवी फायनल पास. त्या काळात सातवी पास सून दौंडच्या रेल्वे क्वार्टरांच्या त्या अख्ख्या रांगेत मी एकटी. त्यामुळे आपल्याला सगळं कळतं, असं माझं ठाम मत होतं, आणि ते मोडून काढणारं अजून कुणी भेटलं नव्हतं. आज त्या पोरीला समोर बसवून दोन शब्द सुनवावेत असं वाटतं. पण ऐकेल असं वाटत नाही. तेव्हाही ऐकत नसे.

मामंजी रेल्वेत सांधेवाले होते. गाडीला या रुळावरून त्या रुळावर घालणारा दांडा ओढायचं त्यांचं काम. माझ्या लग्नाच्या आधीच्या पावसाळ्यात रुळाखालच्या ओल्या लाकडी स्लीपरवरून ते घसरले आणि डब्याच्या चाकाखाली उजवा पाय गुडघ्याखाली चार बोटं ठेवून गेला. चूक कुणाची नव्हती. तेही कधी कुणाला बोल लावत नसत. लग्नात मी त्यांना पाहिलं ते कुबड्यांवरच. आशीर्वाद द्यायला हात मोकळा नव्हता म्हणून त्यांनी नुसती मान हलवली होती.

सांधेवाल्याचं काम तर गेलंच होतं. पण फाटकवाल्याची एक जागा रिकामी होती आणि साहेब भला माणूस होता. त्याचं म्हणणं एवढंच, की डॉक्टरांपुढं कुबडी न घेता चालून दाखवा, उभं राहून झेंडी धरून दाखवा, म्हणजे फाटक तुमचं. जमलं नाही तर क्वार्टर सोडून गावाकडं, कासुर्डीला, भावाच्या घरी जायचं.  ओसरीवर बसून मामंजी प्रत्येक गाडीच्या वेळेला मान वर करत आणि गाडी गेली की खाली घालत. माझे यजमान रेल्वेतच खलाशाच्या कामावर चार-चार दिवस बाहेर असत. घरात आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, मी आणि ती मान.

लाकडी पायाची गोष्ट मी काढली. एवढं श्रेय मात्र मी घेणार. माझं माहेर शिरूर. आमच्या घरामागं मिस्त्रीबाबांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची पडवी, एक लांब ओटा आणि सरसाचा वास. मिस्त्रीबाबा ख्रिस्ती. मिशनच्या सुतारशाळेत शिकले आणि पुढं तिथंच पोरांना शिकवता शिकवता म्हातारे झाले. केंदूरच्या एका शेतकऱ्याला त्यांनी असा पाय करून दिला होता आणि तो गडी त्या पायावर नांगर धरायचा, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं.

तसा पाय मामंजींना आला. तो भरीव लाकडाचा नव्हता. सागाचे कागदासारखे पातळ पापुद्रे, एक उभा, त्यावर एक आडवा, मधून मधून घायपाताच्या वाखाचं जाडंभरडं कापड, आणि सगळं सरसानं एकजीव केलेलं. अशी ती पोकळ नळी. हातात घेतली तर सुपाएवढी हलकी, वाजवली तर टणक. त्यात मामंजींचा उरलेला पाय बसायचा. नळीच्या दोन्ही अंगांनी लोखंडी पट्ट्या वर जायच्या, गुडघ्याशी बिजागरीसारख्या वाकायच्या आणि मांडीला चामड्याच्या पट्ट्यानं बांधल्या जायच्या. खाली लाकडी पाऊल आणि त्यात कॅन्व्हासचा बूट. सगळा भार जायचा तो पट्टी जिथं नळीला जोडली होती, त्या जागेवरून. तिथं एका अंगाला बोल्ट दोन.

इथं माझी सातवी जागी झाली.

पट्टीला भोकं चार होती. लोहारानं दाराच्या पट्ट्यांच्या सवयीनं चार पाडली असणार. मिस्त्रीबाबांनी खालची दोनच वापरली होती आणि वरची दोन, नळीच्या काठाजवळची, रिकामी ठेवली होती. मला वाटलं, म्हातारा विसरला. शिवाय मी आता रेल्वेच्या घरातली सून. रोज पाण्याला जाताना रूळ ओलांडायची. दोन रूळ जिथं जोडतात तिथं बाजूनं एक जाड पट्टी असते, फिशप्लेट म्हणतात तिला, आणि तिच्यात बोल्ट असतात चार. गाडीचा जोड चारावर आणि माझ्या सासऱ्यांचा दोनावर, हे मला काही केल्या पटेना.

त्यात पाय बोलायचा. मामंजी ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला शिकत होते आणि प्रत्येक पावलाला पट्टीजवळ कट् असा बारीक आवाज यायचा. आवाज आला की ते थबकायचे. डॉक्टरपुढं असे थबकले तर फाटक गेलं, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

म्हणून एका दुपारी मामंजी झोपले असताना मी पाय परसात नेला. शेजारी एक मुसलमान बाई राहत, त्यांना सगळे खाला म्हणत; त्यांचे यजमान फिटर. त्यांच्या पेटीतून लाकडाला भोक पाडायचं गिरमिट, पाना आणि चार बोल्ट मागून आणले. खालांनी विचारलं काय करतेस, तर मी म्हटलं दार दुरुस्त करतेय. आठ महिन्यांच्या संसारात मी खोटं बोलायला चांगली शिकले होते. पट्टीच्या रिकाम्या भोकांतून गिरमिट घालून पिळत गेले. भुसा गोड वासाचा येत होता. बोल्ट घातले आणि पान्यानं आवळले. आवळता आवळता आतून कुर्र असा आवाज आला. मला वाटलं, बसला घट्ट. अजून अर्धा पीळ दिला.

आणि गंमत बघा, दुसऱ्या दिवशी पाय गप्प झाला. कट् नाही, काही नाही. मामंजी ओसरीवरून अंगणात उतरले, कडुनिंबापर्यंत गेले, परत आले. पाच दिवस असं चाललं. आत्याबाईंनी दृष्ट काढली. मामंजी म्हणाले, पाय आता माझा झाला. मी मनातल्या मनात शिरूर ते दौंड हत्तीवरून साखर वाटली. सांगितलं मात्र कुणाला नाही. डॉक्टरांची तपासणी झाली की सांगू आणि मग सगळे कसे चकित होतील ते बघू, असा माझा बेत.

तपासणी सोमवारी. आदल्या मंगळवारी सकाळी मामंजी ओसरीची पायरी चढत होते. ऊस मोडल्यासारखा आवाज झाला. ते आडवे झाले आणि कोपर फुटलं. पण कोपराकडं त्यांनी पाहिलंच नाही. ते पाहत होते नळीकडं. तिचा वरचा काठ माझ्या दोन भोकांच्या ओळीत फाटून बाहेर आला होता. पापुद्रे भिजलेल्या वहीसारखे सुटले होते आणि पट्टी लोंबत होती. दुसऱ्यांदा पाय गेलेल्या माणसाचं तोंड कसं दिसतं, ते मी तेव्हा पाहिलं. पुन्हा कधी बघायला मिळू नये.

आत्याबाईंनी आधी मामंजींना उठवलं, मग मिस्त्रीबाबांना धरलं. शिरूरच्या त्या म्हाताऱ्यानं कुजकं लाकूड गळ्यात मारलं, गरिबाची चेष्टा केली, त्याचे हात झडोत. आणि मी? मी खाली मान घालून कोपराला हळद लावत होते. त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. भोकं पाडणं हा मूर्खपणा होता, पण हे गप्प बसणं त्याहून वाईट होतं. हे कळायला सातवी पास व्हावं लागत नाही.

पाय घेऊन शिरूरला कोण जाणार, तर मी. माहेर माझं, मिस्त्री माझा. बुधवारी पहाटे मोडका पाय एका गोधडीत गुंडाळला आणि एस.टी.त मांडीवर घेऊन बसले. लोकांना दिसू नये म्हणून पदर वरून घेतला. शेजारी न्हावऱ्याची एक बाई होती. तिनं सरकून जागा दिली, खिडकीचा वारा लागेल म्हणून स्वतः खिडकीशी बसली आणि मग हळूच विचारलं, कितवा महिना. मी काय सांगणार? पाय घरी येऊन झाले होते तेवढे सांगितले, म्हटलं, तीन आठवडे झाले. तेवढ्यात खड्डा आला, गोधडी सरकली आणि मामंजींचा नऊ नंबरचा कॅन्व्हासचा बूट बाहेर आला. बाईनं बुटाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"तीन आठवड्याचं हाय? खात्या घरचं दिसतंय," ती म्हणाली आणि शिरूर येईस्तोवर तोंडाला पदर लावून गदगदत राहिली. मी रडायच्या बेतात होते, तीही हसायला लागले. त्या बाईचे उपकार मी अजून मानते. हसले नसते तर वाटेतच उतरून कुठंतरी पळून गेले असते.

आप्पा, माझे वडील, स्टँडवर आले होते. त्यांनी पाय पाहिला आणि तडक मिस्त्रीबाबांच्या पडवीत शिरले. व्याह्यांपुढं आमची मान खाली गेली, तुमच्या भरवशावर आम्ही शब्द टाकला होता, असं बरंच बोलले. मिस्त्रीबाबांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, नळी उजेडात धरली आणि वरच्या भोकांवरून अंगठा फिरवला. त्या भोकांना गिरमिटाचे ओरखडे होते. त्यांची भोकं गुळगुळीत असत. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी छपराकडं पाहिलं.

"चूक माझीच," ते आप्पांना म्हणाले. "एक गोष्ट सांगायची राहिली माझी. सोमवारच्या आत करून देतो."

आप्पा पुटपुटत आपल्या दुकानावर गेले. मग मिस्त्रीबाबांनी माझ्यासमोर एक पाट सरकवला.

"बस. आता सांग, किती आवळलास?"

"कुर्र होईस्तोवर," मी म्हटलं आणि रडू फुटलं. फिशप्लेटचं, चार बोल्टांचं, कट् आवाजाचं, सगळं सांगून टाकलं.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सरसाचं भांडं गरम पाण्यात ठेवलं आणि मला शिकवायला बसले. शाळेतल्या पोरांना शिकवतात तसं.

"भोक म्हंजी काय गं? तिथलं सामान काढून टाकणं. जोर वाढवायला तू सामान कमी केलंस."

मी म्हटलं, पण रुळाला चार असतात. तर म्हणाले, रूळ लोखंडाचा. लोखंड समजूतदार. एका बोल्टवर भार जास्त आला तर तिथलं लोखंड जरा दबतं, सरकतं आणि उरलेला भार शेजारच्यांकडं जातो. चौघं मिळून उचलतात. हे पापुद्र्याचं सामान मानी. ते दबत नाही, वाटून घेत नाही. ज्या बोल्टवर भार आधी आला तोच मरेस्तोवर ओढतो. आणि त्यात तू भोक पाडलंस काठाला. काठ आणि भोक यांच्यामध्ये दोन बोटं तरी अंग हवं, न्हाईतर बोल्ट तेवढा तुकडा घेऊनच बाहेर येतो. खाली चकती नाही घातलीस, म्हणून बोल्टाचं डोकं थरात रुतलं. ते कुर्र म्हणजे थर एकमेकांना सोडत होते. पाच दिवस पाय गप्प होता तो बरा झाला म्हणून नव्हे.

आणि तो कट् आवाज? तो नवा बोल्ट भोकात बसतानाचा होता. पाव पीळ आवळला असता की गेला असता. हेच सांगायचं त्यांचं राहिलं होतं.

मग त्यांनी सरसानं चिकटवलेल्या दोन पट्ट्या माझ्या हातात दिल्या. एक टोक मला धरायला लावलं, दुसरं स्वतः धरलं आणि म्हणाले ओढ. मी पाय रोवून ओढलं, सुटेना. नंतर त्यांनी पट्टीच्या कोपऱ्यात नख घातलं आणि वर उचललं. सगळा जोड फर्रकन सोलून आला, जुन्या पाकिटावरचं तिकीट निघावं तसा. सरस ओढ सोसतो, सोलणं सोसत नाही, एवढंच ते म्हणाले. म्हणून त्यांच्या प्रत्येक जोडाचं टोक ते पातळ करत करत शून्यावर आणत, म्हणजे नख घालायला कोपराच उरत नसे.

माझा एक नातू हल्ली रांजणगावच्या बाजूला एका कारखान्यात आहे. काचेच्या धाग्याचं आणि रसायनाचं असंच थरांचं सामान करतात ते. त्याला ही गोष्ट सांगितली तर म्हणाला, आजी, भोक काठापासून किती लांब पाडायचं यावर आमचा अख्खा पेपर होता. मी म्हटलं, तुला फी भरून कळलं बाबा, मला सासऱ्याला पाडून.

चार दिवस मी त्या पडवीत होते. मिस्त्रीबाबांनी फाटलेला काठ कापून टाकला आणि कापलेली कड लांब उतरती तासली. पोळी कडेला पातळ लाटतो तशी. मग एकेक नवा पापुद्रा त्या उतारावर बसवत आले. सरस मी लावायचा. उकळू द्यायचा नाही, गार होऊ द्यायचा नाही, बोट पुसायचं नाही. पापुद्रे दाबून धरणारा शिकंजा आवळायचा तो सरस कडेनं मोत्याएवढा बाहेर येईपर्यंत, पुढं नाही. पुढं आवळला तर सगळा सरस बाहेर आणि जोड कोरडा. माझा हात दर वेळी अर्धा पीळ पुढं जायचा आणि ते माझ्या मनगटावर पेन्सिल टेकवायचे.  मला वाटतं, आयुष्यात मी नेमकं कुठं थांबायचं ते जे काही शिकले, ते त्या पेन्सिलीनं शिकले. फार नाही शिकले, पण जे आहे ते तिचं.

शनिवारी पट्ट्या बसवल्या. बोल्ट दोनच, खालचे, आतून चामडं आणि रुंद चकत्या. पट्टीची वरची दोन रिकामी भोकं त्यांनी शिसं ओतून बुजवूनच टाकली आणि वरून कानस मारली. म्हणाले, मोकळी जागा दिसली की तुझ्यासारख्याला हात शिवशिवतो. जाताना विचारलं नाही, की घरी खरं सांगणार का. त्यांनी विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं आणि सांगितलं नसतं. विचारलं नाही, म्हणून रविवारी एस.टी.त तेच डोक्यात घोळत राहिलं. या वेळी गोधडी गुंडाळली नाही. पाय उघडाच मांडीवर ठेवला होता.

सोमवारी सकाळी मी मामंजींना पाय चढवत होते. आत्याबाई चुलीशी होत्या आणि मिस्त्रीबाबांचा उद्धार अजून चालू होता. हातात मांडीचा पट्टा होता, तो मी सोडला.

"मामंजी, पाय मिस्त्रीबाबांनी मोडका दिला नव्हता. वरची भोकं मी पाडली. तुम्ही झोपला होता तेव्हा."

चुलीकडचा आवाज थांबला. मामंजींनी माझ्याकडं पाहिलं नाही. वाकले, पट्टा उचलला आणि स्वतःच्या हातानं बांधला. कुबडी भिंतीला टेकवून ठेवली आणि बाहेर पडले. यजमान त्या दिवशी घरीच होते, ते सोबत गेले. मी आणि आत्याबाई उरलो. त्या बराच वेळ भाकरी थापत राहिल्या. चार माणसांच्या घरात अकरा भाकऱ्या झाल्या. बाराव्या वेळी पीठ हातात घेऊन थांबल्या आणि म्हणाल्या, त्या म्हाताऱ्याचे हात झडोत म्हणून मी बोलत होते आणि तू ऐकत होतीस. मी हो म्हटलं. मग म्हणाल्या, आता माझे शब्द मी कुठून वेचून आणू?  दिवाळीत त्या स्वतः शिरूरला गेल्या, मिस्त्रीबाबांच्या पडवीत लाडवांचा डबा ठेवला आणि काही न बोलता परत आल्या. पण ते पुढचं.

त्या दिवशी दुपार कलली तरी कुणी येईना. मी दाराच्या आत उभी. बाहेर उभं राहायचं धाडस नव्हतं. लाईनीच्या बाजूनं आधी आवाज आला. कट् नव्हता. नुसतं पाऊल आणि बूट, पाऊल आणि बूट, जरा हळू, पण न थबकता. मामंजी कडुनिंबापाशी आले, पायरीशी थांबले, ज्या पायरीवर पडले होते तिच्याचकडं एकदा पाहिलं आणि चढले. यजमानांच्या हातात गुंडाळलेल्या दोन झेंड्या होत्या, एक लाल, एक हिरवी.

आत्याबाईंनी पाणी दिलं. मामंजी पूर्ण तांब्या प्यायले. मग माझ्याकडं वळले. तोंडावर राग होता की काय, मला ओळखू येईना. मिशीआड काही कळत नसे त्यांचं.

"सूनबाई," ते म्हणाले, "उद्यापास्नं फाटकावर माझा डबा तू घेऊन यायचं. पन येताना हातात गिरमिट दिसलं, तर फाटक उघडायचो न्हाई."